बैठकीतले ‘पानी’

मी अकोल्याची. पुण्यात पाणीपुरवठा योजनांचे आराखडे करणाऱ्या एका कार्यालयात रुजू झाले, त्याच वर्षी एका बैठकीत गळतीचे आकडे मांडताना माझ्या तोंडून ‘पानी’ असा उच्चार गेला. एक वरिष्ठ हसून म्हणाले, ‘‘मॅडम, पाणी.’’ सगळे हसले, मीही हसले. गळतीबद्दल मात्र कोणी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते हे मला तेव्हाही कळत होते, पण त्यानंतर कित्येक वर्षे मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेत असे, आणि तेवढ्यात विषय पुढे गेलेला असे. ‘‘तुम्ही अकोल्याच्या वाटत नाही हो,’’ हे वाक्य तर मला कौतुक म्हणून ऐकवले गेले.

‘पाणी’ हा शब्द मुळात संस्कृत ‘पानीय’पासून आला. त्यातल्या ‘न’चा प्राकृतात ‘ण’ झाला आणि वऱ्हाडात त्याचा उच्चार पुन्हा ‘न’ होतो. डोळ्याला आमच्याकडे ‘डोया’ म्हणतात, तेही जिभेच्या आळसामुळे नव्हे; तिथे ‘ळ’चा ‘य’ नियमाने होतो. आद्य मराठी गद्य म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो ते तेराव्या शतकातले ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे आहे. अहवाल मी प्रमाण मराठीतच लिहिते, कारण तो सर्व जिल्ह्यांत वाचला जातो. परंतु बोलण्याच्या ढबीवरून एखाद्याची कामातली समज ठरवणे मला मान्य नाही.

गेल्या महिन्यात बुलढाण्याकडचा एक नवा सहकारी बैठकीत म्हणाला, ‘‘व्हॉल्व्हच्या पुढं दाब कमी होऊन राहिलाय, सर.’’ शेजारच्याने ‘‘होऊन राहिलाय’’ असे हसत पुन्हा म्हटले. मी एवढेच म्हणाले, ‘‘दाब किती कमी होतोय, ते त्यांना पूर्ण सांगू द्या.’’ त्याने नोंदी वाचल्या आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्या व्हॉल्व्हवरच बोललो.

हसणाऱ्या सहकाऱ्याशी मी नंतर एकांतात बोलले, कारण चारचौघांत त्याला खाली पाहायला लावणे मला योग्य वाटले नाही. तो म्हणाला, ‘‘मी सहज बोललो, ताई.’’ मी म्हणाले, ‘‘मलाही कोणीतरी सहजच बोललं होतं. त्यानंतर गळतीचा विषय मी वर्षभर काढला नाही.’’ तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या टेबलाशी जाऊन तो दाबाच्या नोंदी मागत होता.