कडी नसलेले दार

नोंदवहीतील 47 क्रमांकाच्या वस्तूपुढे माझ्याआधी काम करून गेलेल्या कोणीतरी निळ्या शाईत लिहून ठेवले होते: ‘जुन्या घराचे दार, एक फळी. कडी नाही.’ जुन्या वस्तूंची मापे घेणे, छायाचित्रे काढणे आणि प्रत्येकीचे नोंदपत्र भरणे हे माझे काम आहे, आणि त्यासाठी गेल्या फेब्रुवारीत मी तीन दिवस गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या, जुवारी नदीच्या काठावरच्या एका गावी जात होते. तिथे एका जुन्या कुळागरातल्या घराच्या मागील कोठीत मासेमारीच्या साधनांचा खाजगी संग्रह आहे. घरच्या वहिनींच्या सासऱ्यांनी तो हौसेने जमवला आणि कागदावर काहीही न लिहिता ते गेले. त्यामुळे प्रत्येक वस्तूविषयी वहिनींकडे एक आठवण असते, पण माहिती असतेच असे नाही.

कुळागरात शिरताना आधी पाण्याचा आवाज येतो, झाडे नंतर दिसू लागतात. वर डोंगराच्या कुशीतली झर, तिथून उताराने खाली येणारे पाट, पाटांच्या दोन्ही अंगांना पोफळींच्या रांगा, त्यांच्यावर चढवलेले मिरीवेल, मधल्या जागेत केळी, कडेला माड, फणस आणि जायफळ, आणि अगदी जमिनीलगत अननस, अशी एकाखाली एक मजल्यांची ही लागवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अननस पोर्तुगिजांबरोबर दक्षिण अमेरिकेहून आला खरा, पण तो इथला नव्हे असे कुळागरात काम करणाऱ्या कोणाला सांगितले तर तो हसेल. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला चिखलाचा गोळा आणि पोफळीची सुकलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद आवरण, एवढे पुरते. वहिनी माझ्याशी बोलता बोलता पायाच्या अंगठ्याने चिखल बाजूला सारत, विरी उचलून पुढच्या पाटाच्या तोंडाशी आडवी लावत, आणि हे करताना त्यांचे वाक्य कुठे तुटत नसे.

पहिल्या दोन दिवसांत चाळीसेक वस्तू उरकल्या. काम करताना लक्षात आले की संग्रहातल्या निम्म्याहून अधिक वस्तू या बागेतूनच निघालेल्या आहेत. दोर काथ्याचे, सापळे बांबूचे, आणि सुती जाळ्यांचा तो काळपट तांबडा रंग झाडांच्या सालींचा. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत आणि खाऱ्या पाण्यात ती कुजू नयेत म्हणून तुरट सालींच्या काढ्यात बुडवून काढीत. गोव्यात ज्याला मट्टी म्हणतात त्या ऐनाची साल यासाठी वापरली जाई. पागेराच्या, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या, कडेला ओवलेले शिशाचे मणी मी दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. नोंदपत्रावर मी ‘दोनशेहून अधिक’ असे लिहिले, जे आमच्या कार्यालयात कोणालाच आवडत नाही. रापणीच्या जाळ्याचा मात्र एक तुकडाच होता. किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लावून ओढायचे ते प्रचंड जाळे अख्खे ठेवायला अशी चार घरेही पुरली नसती. याच रापणकारांनी 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध लढा दिला आणि त्यातून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, हे मी त्या पत्रावर थोडक्यात नोंदवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी 47 क्रमांकाशी आले आणि तिथेच अडले. फळी जाड होती, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि एका बाजूला वर-खाली लाकडातूनच कोरून काढलेल्या दोन चुळी, म्हणजे दार ज्यांवर फिरते ते खुंट. लोखंडाचा एक खिळा नव्हता. कडी निघाली असेल तर तिची भोके राहायला हवीत, अडणा असेल तर त्याची खाच हवी. यातले काहीच नव्हते. एका अंगाला मात्र तिन्ही कडांशी चार बोटे रुंदीचा पट्टा गुळगुळीत झिजलेला होता आणि दुसऱ्या अंगावर कालवे, म्हणजे खाऱ्या पाण्यातले शिंपले, चिकटून निघाल्याच्या पांढऱ्या, खरखरीत खुणा होत्या. घराच्या दारावर कालवे कशी येतील, हा प्रश्न मला खरे तर लगेच पडायला हवा होता. मी मापे लिहून घेतली आणि ‘दार’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकले, एवढेच.

जाळ्यांची नावे सांगण्यासाठी वहिनींनी गावातल्या एका काकांना बोलावले होते. ते सत्तरी ओलांडलेले पागी, म्हणजे मासेमार. उमेदीची बरीच वर्षे त्यांनी खाजनातल्या मानशीवर, म्हणजे बांधातून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर होते त्या जागी, काढलेली. ते कोठीत आले, जाळ्यांकडे न पाहता थेट त्या फळीजवळ गेले आणि तिच्या खालच्या चुळीवर त्यांनी अंगठा फिरवला. याला कडी का नसावी, असे मी विचारले तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, “कडी कित्याक गे बाय? भरती तीच कडी.”

आणि मग, संध्याकाळी खाली येणार असाल तर दाखवतो, असे त्यांनी सांगितले. अमावस्या असल्यामुळे ओहोटी मोठी होती, आणि अशा दिवशी दार मिटताना स्पष्ट दिसते.

कुळागराच्या खालच्या अंगाला शेते लागतात आणि शेतांच्या पुढे खाजन सुरू होते. खाऱ्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन गोव्यात असल्याचे मानले जाते. तिची निगा राखणे हे गावकऱ्यांचे, म्हणजे पुढे ज्यांना कोमुनिदाद म्हटले गेले त्या ग्रामसंस्थांचे, काम होते. पोर्तुगिजांनी 1526 साली गावकरीच्या रूढी लिहून काढल्या तेव्हा ही व्यवस्था आधीच जुनी झालेली होती. पावसाळ्यात खाजनात कोरगुटासारखे खारे सोसणारे भात आणि कापणीनंतर मासळी असा तिचा क्रम असे. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी होई, म्हणजे लिलाव. काकांनीही तो हक्क अनेकदा घेतलेला होता, आणि पैसे वसूल करायच्या लोभाने दार नको तितका वेळ उघडे ठेवणाऱ्यांविषयी ते चालता चालता अगदी मोकळेपणाने बोलले. खारे पाणी शेतात जास्त शिरले की मासळी वाढते आणि शेतकऱ्याचे भात जाते. ते भांडण त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले होते. “आमीय केलां तें,” असेही ते शेवटी म्हणाले, आणि पुढे बराच वेळ गप्प राहिले.

मानस बांधातच बसवलेली आहे. दोन्ही अंगांना चिऱ्यांच्या भिंती, मध्ये लाकडी चौकट, आणि तिच्यात नदीच्या बाजूला उघडणारी दोन दारे. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी संपत आली होती. आतल्या तळीचे पाणी उंच आणि नदीचे पाणी खाली, त्यामुळे तळीचे पाणी दोन्ही दारे बाहेर ढकलून वाहत होते. ओहोटीच्या या धारेतच रात्री पिशवीसारखे लांब जाळे लावतात, आणि पाण्याबरोबर निघालेली काळुंदरे, शेवटे, सुंगटे त्यात सापडतात. हळूहळू धार मंदावली. मग काही वेळ पाणी कुठेच जात नव्हते. पोफळीचे एक सुके पान, बहुधा वरच्या कुळागरातूनच वाहत आलेले, दोन दारांच्या मधोमध थांबून राहिले. काकांनी बोट वर केले. पान उलट्या दिशेने, तळीकडे सरकू लागले आणि त्याच्या मागोमाग डावे दार, नंतर उजवे, कोणी हात न लावता फिरले आणि चौकटीवर जाऊन बसले. आवाज झाला तो ओल्या लाकडावर ओले लाकूड टेकल्याचा, अगदी लहान. भरती जितकी चढेल तितकी ती दारे घट्ट दाबली जाणार होती. फळीच्या एका अंगाचा तो झिजलेला पट्टा कशाने झिजला, हे मला सांगावे लागले नाही. अशी किती हजार वेळा ती चौकटीला टेकली असेल, याचा हिशेब मी दिवसाला दोन भरत्या धरून परतीच्या वाटेवर करू पाहिला आणि सोडून दिला.

त्या रात्री मी नोंदपत्र नव्याने लिहिले. वस्तू: मानशीच्या दाराची एक फळी. नदीकडची बाजू: कालवांच्या खुणा. तळीकडची बाजू: चौकटीवर टेकून झिजलेली. छापील नमुन्यात शेवटी ‘बंद करण्याची सोय’ असा एक रकाना असतो. त्यात मी ‘भरती’ असे लिहिले. दोन दिवसांनी ते पत्र त्याच शब्दाखाली लाल रेघ मारून कार्यालयातून परत आले. मी मोबाइलवर घेतलेली सतरा सेकंदांची चित्रफीत सोबत जोडली आणि एक अक्षरही न बदलता ते पुन्हा पाठवले.