मैदानाचं अनुदान: सातबाऱ्यापासून फ्लडलाइटपर्यंत

आमचं कोकणातलं कबड्डी मंडळ जुनं. सराव गावाबाहेरच्या माळावर आणि स्पर्धा भातकापणीनंतर कुणाच्या तरी खाचरात. ढेकळं फोडायची, पाणी मारून धुमसानं माती चोपायची, फक्कीनं रेषा आखायच्या. कायमचं मैदान हवं म्हणून क्रीडांगण विकास अनुदानाला अर्ज करायचं ठरलं आणि सचिव म्हणून फाइल माझ्या गळ्यात पडली.

सपाटीकरण, कुंपण, फ्लडलाइट, चेंजिंग रूम अशा कामांना या योजनेतून पैसे मिळतात. प्रस्ताव तपासतात जिल्हा क्रीडा अधिकारी, पण निधी जिल्हा वार्षिक योजनेतला आणि नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. त्यामुळे गावात पहिला सल्ला मिळाला, "आधी साहेबांचं पत्र आणा." आणलं. पण आम्ही अडलो सातबाऱ्यावर आणि तिथे पत्राचं काही चालत नाही.

ज्या माळावर आमचे आजोबा खेळले तो माळ कागदावर गुरचरण निघाला. गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली जगपाल सिंग प्रकरणात कडक निकाल दिला आणि तेव्हापासून गुरचरण दुसऱ्या कामाला मिळवणं फार अवघड झालंय. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "त्या जागेचा नाद सोडा. मंडळाच्या नावावर काहीतरी दाखवा."

शेवटी वाडीतल्या एका काकांनी रस्त्यालगतची वरकस, म्हणजे भात न पिकणारी, जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्यानं द्यायचं कबूल केलं. शब्दावर भागत नाही, करार नोंदणीकृत लागतो. सातबाऱ्यावर काकांबरोबर त्यांच्या बहिणींचीही नावं, म्हणजे सगळ्या आत्यांना एकाच दिवशी दुय्यम निबंधकाकडे आणायचं. एक डोंबिवलीची, एक सुरतेची. थोरल्या आत्याचा अंगठा मशीन काही केल्या घेईना. ऑपरेटरनं बोट पुसून पाहिलं, दुसरं बोट लावलं, क्रीम चोळली. आत्या वैतागून म्हणाली, "अरे, जन्म गेला लावणी करण्यात, रेघा राहतील कुठून?" अखेर डाव्या हाताचं मधलं बोट उमटलं, तेव्हा रांगेतल्या परक्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या.

त्यापुढचं चिकाटीचं काम. धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एकवर, म्हणजे मंडळाच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, अजून जुन्याच विश्वस्तांची नावं होती, त्यातले काही हयातही नाहीत. मग फेरफार अर्ज. लेखापरीक्षणाचे अहवाल, सर्वसाधारण सभेचा ठराव, नकाशा, अंदाजपत्रक. अंदाजपत्रक करायला आलेल्या अभियंत्यांना कबड्डीची माहिती नव्हती, पण माणूस जिज्ञासू. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर आणि महिलांचं 12 बाय 8, हे कळल्यावर त्यांनी स्वतः टेप धरून दोन्ही आखून घेतली आणि खांबांची जागा त्याप्रमाणे बदलली. नाहीतर प्रकाश पडला असता कोपऱ्यात आणि चढाई अंधारात!

फाइल मान्यतेच्या तोंडावर आली आणि 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली. 31 मार्च गेला की त्या वर्षाचा पैसा गेला. नव्या आर्थिक वर्षात पुन्हा यादीत नाव, पुन्हा त्रुटीपत्र. 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. त्याच महिन्यात 100 च्या मुद्रांकाचं काम 500 वर गेलं होतं, त्यामुळे हमीपत्रही नव्यानं करावं लागलं. मान्यता आली ती निवडणुका उरकल्यावर. खरं सांगायचं तर या सगळ्यात कुणी आमच्याकडे पैसे मागितले नाहीत. मात्र फोनवर 'साहेब मीटिंगला गेलेत' हे वाक्य मला झोपेतही ऐकू यायचं.

आमच्या मंजुरीपत्रात रक्कम दोन हप्त्यांत होती. पहिला हप्ता आला तरी ठेकेदाराला आगाऊ द्यायला वर्गणी काढावीच लागली. कामाआधीचे, चालू असतानाचे आणि झाल्यावरचे फोटो अक्षांश-रेखांशासकट लागतात. आमच्या पहिल्या फोटोत मधोमध शेजाऱ्यांची म्हैस उभी आहे, आणि तोच फोटो सरकारदरबारी जमा आहे. काम पूर्णत्वाचा दाखला आणि सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नाही.

आता कुंपण आणि दिवे झाले. चेंजिंग रूम अंदाजपत्रकातून कापली गेली. मुलींचा संघ अजून काकांच्या पडवीत कपडे बदलतो, म्हणून पुढच्या आराखड्यासाठी फक्त तेवढ्याचाच प्रस्ताव टाकलाय. तो सध्या त्रुटीपत्रात आहे: नकाशावर अभियंत्यांचा शिक्का पुसट उठलाय.