‘आय थॉट’च्या मागावर: कानाच्या सरावाची नोंद

बोललेलं इंग्रजी कानाने पकडायच्या माझ्या सरावात या खेपेला क्रियापदांची लांबलचक यादी बाजूला ठेवली आणि एकाच तुकड्याचा पिच्छा धरला: ‘आय थॉट’. माणूस आपल्या कालच्या, किंवा अगदी पाच मिनिटांपूर्वीच्या समजुतीबद्दल बोलतो तेव्हा तोंडाने नक्की काय करतो, एवढंच ऐकायचं. सामग्री नेहमीचीच, सँटा बार्बरा कॉर्पस. नव्याने आलेल्यांसाठी सांगते: अमेरिकेत लोक आपल्या रोजच्या व्यवहारात बोलत असताना केलेली ही ६० ध्वनिमुद्रणं, मिळून सुमारे २,४९,००० शब्द, २००० ते २००५ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली. स्वयंपाक करता करता चाललेल्या गप्पा, पत्त्यांचा डाव, कामाच्या जागचं बोलणं, चर्चमधली प्रवचनं, सगळं आहे, आणि फुकट ऐकता येतं.

त्याचं लिप्यंतर, म्हणजे ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं लिहून काढलेला मजकूर, वाचायची एक खुबी आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एका सुरात बोललेला तुकडा. तिथला स्वल्पविराम आणि पूर्णविराम व्याकरणाचा नाही, आवाजाचा: स्वल्पविराम म्हणजे सूर लटकता राहिला, पूर्णविराम म्हणजे खाली येऊन टेकला. खासगीपणासाठी बोलणाऱ्यांची नावं ओळखू येणार नाहीत अशी गाळून टाकली आहेत, पण गाळतानाही सूर ठेवला आहे. नाव कळत नाही, ते कोणत्या चालीत घेतलं ते मात्र कळतं. आपल्यासारख्यांसाठी ही मेजवानीच.

आता मुद्द्यावर. ‘आय थॉट’ म्हणजे ‘मला वाटलं’ हे समीकरण आपण शाळेपासून वापरतो, आणि कानाला सगळ्यात जास्त नडतं ते हेच. ‘आय थॉट द फूड वॉज ग्रेट’ असं कुणी म्हणालं की मराठी कान पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतो. ‘मला वाटलं जेवण छान होतं’ असं आपल्याकडे कुणी म्हणालं तर आपण लगेच विचारू, का, कुणाला बाधलं का? इंग्रजीत तसलं काही नसतं. जेवण छान होतं, मत आजही तेच आहे. ‘थॉट’ एवढंच सांगतं की हे मत जेवतानाचं आणि माझं आहे, तुझं वेगळं असलं तरी वाद नाही. आपण त्या जागी सरळ ‘मला तर आवडलं बुवा’ म्हणून मोकळे होतो. सिनेमा, लग्नसमारंभ, कुणाचं भाषण, नुकतंच उरकलेलं काहीही असो, त्याबद्दल बोलताना हा ‘थॉट’ इतक्या सर्रास येतो की आता मी त्याला ‘मताचा थॉट’ म्हणते आणि वेगळ्या रंगाने खूण करते.

ओळखायचा कसा? पुढे काय येतं ते बघा. ग्रेट, फनी, अ बिट लाँग असं आवडीनिवडीचं विशेषण आलं तर बहुतेक वेळा मताचा. वार, ठिकाण, कुणाचं लग्न झालंय की नाही, कोण निघून गेलं, अशी पडताळून बघता येणारी गोष्ट आली तर समजुतीचा. ‘आय थॉट ही वॉज नाइस’ हे मात्र दोन्हीकडे जातं. तिथे पुढची ओळ ऐकल्याशिवाय निकाल लावू नये.

समजुतीच्या ‘थॉट’मध्ये खरी गंमत सुरू होते. ‘आय थॉट इट वॉज ट्यूझडे’ हे वाक्य घ्या. जोर ‘ट्यूझडे’वर पडला तर साधारणपणे आज मंगळवार नाही आणि बोलणाऱ्याला ते आत्ताच कळलंय. जोर ‘थॉट’वर पडून पुढचं सगळं खाली सपाट गेलं तर आज मंगळवारच आहे, आणि तो म्हणतोय, ‘वाटलंच होतं मला!’ शब्द तेच, अर्थ उलटा. आपण जे काम एका ‘च’वर सोपवतो ते त्यांना आवाजाने करावं लागतं. म्हणूनच नुसतं लिप्यंतर वाचून इथे भागत नाही. मी असे तुकडे कापून प्राटमध्ये टाकते. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोअर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आवाजाच्या चढउताराची रेघ काढून दाखवतं. आधी कानाने ठरवायचं, मग रेघ बघायची, हा क्रम मोडू नका. रेघ आधी दिसली की कान आळशी होतो. तिसरा एक प्रकार आहे, जोर ‘थॉट’वर पण शेवट वर उचललेला: ‘वाटत तरी होतं बाई, आता खात्री देत नाही.’ तो अजून पहिल्या फटक्यात पकडता येत नाही, त्यावर काम चालू आहे.

काळाचं थोडक्यात. ‘मला वाटलं तू घरी आहेस’ यातलं ‘आहेस’ आपण जसंच्या तसं ठेवतो, इंग्रजी बोलणारे मात्र त्यालाही भूतकाळात ओढतात. त्यामुळे ‘आय थॉट द मीटिंग वॉज टुमॉरो’सारखी वाक्यं सहज निघतात, ‘वॉज’ आणि ‘टुमॉरो’ शेजारी शेजारी. अशा ‘वॉज’ला मागे घडलेली गोष्ट समजायचं नाही, एवढं कानाला पटलं की पुरे.

मग ‘आय वॉज लाइक’. याला पोरासोरांची भाषा म्हणून नाकं मुरडणारे खूप आहेत, मला तो फार आवडतो. भाषाअभ्यासक रोनाल्ड बटर्स यांनी १९८२ साली ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात या प्रयोगाची दखल घेतली, तीच मुळी तोंडून न निघालेल्या, मनातल्या मनात राहिलेल्या विचारासाठी म्हणून. ‘आय वॉज लाइक, व्हॉट इज ही डूइंग?’ यातला प्रश्न कुणी कुणाला विचारलेलाच नाही. आणि आपण काय करतो? ‘म्हटलं, हा करतोय काय!’ हे तरी आपण कुठे कुणाला म्हटलेलं असतं? मनातलं सांगायला बोलण्याचं क्रियापद वापरायची आपली जुनी खोड इथे थेट उपयोगी पडते. ‘वॉज लाइक’च्या जागी मनात ‘म्हटलं’ ठेवून ऐकून बघा, काळाचा घोळही उरत नाही, कारण इथे आतलं वाक्य तेही वर्तमानातच सोडतात.

‘आय वॉज थिंकिंग वी कुड गो’ मध्ये मागच्या विचाराची बातमी नाही, आत्ताची सूचना आहे. यावर वेळ घालवायची गरज नाही. ‘मी म्हणत होते, जाऊ या का’ आणि ‘जरा विचारायचं होतं’ म्हणणाऱ्यांना ते शिकवावं लागत नाही.

किरकोळ जमा: ‘यूज्ड टू थिंक’ म्हणजे आपलं ‘वाटायचं’, बराच काळ असलेली आणि आता सुटलेली समजूत. ‘आय फिगर्ड’ म्हणजे अंदाज बांधून त्याप्रमाणे वागून मोकळं होणं, अमेरिकनांचं लाडकं. ‘आय कुड हॅव स्वॉर्न’ म्हणजे पैज लावायची तयारी होती, आणि हरलो असतो.

पुढच्या खेपेला ब्रिटनकडे वळणार. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधली १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची ध्वनिमुद्रणं ऑक्सफर्डच्या ध्वनिशास्त्र प्रयोगशाळेमार्फत ऐकायला मिळतात. तिथे मला ‘आयड हॅव थॉट’ गाठायचा आहे. ‘आयड हॅव थॉट यूड नो’ असं म्हणणारा दिसायला आपल्या विचाराबद्दल बोलतो, पण बऱ्याचदा तो सभ्यपणे टोमणा मारत असतो: तुला तरी माहीत असायला हवं होतं. त्याचा सूर टोमण्याचा की नुसत्या आश्चर्याचा, हे कानाने वेगळं करता येतं का ते बघायचंय. कुणाला जोडीला यायचं असेल तर या. ‘थॉट’वर जोर असलेल्या तुकड्यांची फाइल वेगळी करून ठेवली आहे, मागितलीत तर पाठवते, फक्त माझ्या खुणा पुसून पाठवीन, म्हणजे आधी तुमचं तुम्ही ऐकाल.