दीडाचे झाले पंधरा

पणजी-बेती फेरीबोटीवर आमचा एक खेळ आहे, युनिटी या गेम इंजिनात, सी-शार्प भाषेत लिहिलेला. त्या दिवशी त्यात बाहेरून आलेला जुना कोड जोडला आणि चुका दाखवणारा कन्सोल लाल झाला.

बहुतेक चुका साध्या होत्या. फ्लोट (अपूर्णांक ठेवणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये नुसते १.५ भरले की कोड तपासून भाषांतर करणारा कम्पायलर सीएस०६६४ ही चूक दाखवतो, कारण सी-शार्प अशी संख्या डबल, म्हणजे फ्लोटहून जास्त अचूक प्रकारची धरतो. संख्येच्या शेवटी एफ जोडला की काम झाले. फ्लोट इंटमध्ये (पूर्णांकात) भरायला गेलात तर सीएस०२६६ येतो. तिथे मात्र घाई नको. कंसात इंट लिहून कम्पायलरचे तोंड बंद होते, पण अपूर्णांक छाटला जातो: ०.९ चे शून्य आणि −०.९ चेही शून्य. आमची नदी चौकटींत विभागलेली असल्याने शून्याच्या अलीकडची आणि पलीकडची बोट एकाच चौकटीत मोजली जात होती. अशा ठिकाणी युनिटीच्या मॅथएफमधले, नेहमी खालच्या पूर्णांकाकडे नेणारे फ्लोअरटूइंट हवे. राउंडटूइंट नको, ते जवळच्या पूर्णांकाकडे नेते आणि बरोबर अर्धा आला की सम संख्येकडे: २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४.

प्रवाशांची पट्टी बोट भरेपर्यंत रिकामीच दिसत होती. ७५ भागिले १००, दोन्ही इंट, म्हणून उत्तर शून्य. ते शून्य फ्लोटमध्ये नेऊन उपयोग नाही, भागण्याआधीच एक संख्या फ्लोट करावी लागते. याबद्दल कम्पायलर ब्रही काढत नाही, म्हणून मला ही चूक लाल ओळींपेक्षा वाईट वाटते.

सर्वांत अवघड प्रकरण एकाच लॅपटॉपवर होते. तिथे बोट धक्का फोडून आरपार जायची. वेग टेक्स्ट फाइलमधून १.५ असा वाचला जात होता आणि त्या विंडोजचे रीजनल फॉरमॅट पोर्तुगीज (ब्राझील) होते. त्यात दशांशचिन्ह स्वल्पविराम असतो आणि टिंब हजार वेगळे करते. मजकुराची संख्या करणाऱ्या फ्लोट.पार्सने टिंब सोडून दिले आणि वेग १५ झाला, एकही एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) न येता. उलटही तेच: त्या लॅपटॉपवर सेव्ह झालेले १,५ आमच्या इंग्रजी फॉरमॅटवर १५ म्हणून वाचले जाते.

उपाय दोन्ही टोकांना करावा लागतो. वाचताना पार्सऐवजी ट्रायपार्स वापरा आणि त्याला नंबरस्टाइल्स.फ्लोट (हजारांचे चिन्ह न चालणारी पद्धत) आणि कल्चरइन्फो.इन्व्हेरियंटकल्चर (कोणत्याही संगणकावर तेच राहणारे फॉरमॅट) द्या, मग हजारांचे चिन्ह आल्यास ते फॉल्स, म्हणजे ‘जमले नाही’, असे परत करते. लिहिताना संख्येचा मजकूर करणाऱ्या टूस्ट्रिंगलाही तेच कल्चर द्या. त्यानंतर करंटकल्चर (चालू फॉरमॅट) मुद्दाम पीटी-बीआर, म्हणजे पोर्तुगीज (ब्राझील), ठेवून खेळ सुरू करा आणि सेव्ह फाइल उघडून दशांशचिन्ह तपासा.