पेरूजातल्या बाई इंग्रजीत वळल्या नाहीत

इटलीतल्या पेरूजा गावात एका चीजच्या दुकानात काल ज्या सबुरीने माझं ऐकून घेतलं गेलं, तिच्यामुळे हे लिहायला बसले. शनिवारची गर्दी, मागे नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन उभी असलेली माणसं, आणि मी काउंटरवरच्या बाईंना सांगत होते की पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) फार मुरलेलं नको, कोवळं द्या, किसायला नाही, नुसतं खायला हवंय, आणि दोनच ‘एत्ती’ द्या. इथे चीज शंभर ग्रॅमच्या ‘एत्तो’त मागतात. बाईंना इंग्रजी छान येत होतं. माझ्या आधीच्या अमेरिकन जोडप्याशी त्या इंग्रजीतच बोलल्या होत्या. पण मी माझ्या शिकाऊ इटालियनमध्ये सुरुवात केली आणि त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली, माझं बोलणं पुरं होऊ दिलं आणि उत्तरही इटालियनमध्येच दिलं, फक्त जरा सावकाश. एका शब्दाशी मी अडले तेव्हा मागच्या आजोबांनी तो पुरवला. रांगेत कुणी चुळबुळ केली नाही.

फ्लोरेन्स-व्हेनिसमध्ये असं होत नाही, हेही सांगायला हवं. तिथे तोंड उघडायच्या आत इंग्रजी मेनू पुढे येतो. पेरूजाचं वेगळं आहे. इथे परदेशी लोकांसाठीचं विद्यापीठच आहे. आस्तोर्रे लुपात्तेल्ली नावाच्या वकिलाने 1921 मध्ये वर्ग सुरू केले, त्यातून ते उभं राहिलं. वर्ग भरतात गालेंगा स्टुअर्ट राजवाड्यात, समोर रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांच्या काळातली वेस. शंभर वर्षं जगभरची मुलं या गावात अडखळत बोलत आली आहेत, गावाचा कान तयार झालाय.

पण एवढ्याने उलगडा होत नाही. 1861 मध्ये इटली एक झाली तेव्हा इटालियन बोलणारे अगदी थोडे होते, बाकीचे आपापल्या गावची बोली बोलत. पुढे 1960 ते 1968 या काळात आल्बेर्तो मांझी नावाचे शिक्षक टीव्हीवरून मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवत होते. म्हणजे आजच्या कितीतरी आजी-आजोबांच्या घरात कुणीतरी ही भाषा मोठेपणी शिकलेलं आहे. मोठ्या माणसाने अडखळावं यात त्यांना कमीपणा वाटत नाही, ते यामुळेच, असं मला वाटतं.

सरकारही भाषेचा आग्रह धरतं. एका सरकारी खिडकीवर फॉर्म इटालियनमध्ये, सूचना इटालियनमध्ये, बोलणारा माणूसही फक्त इटालियन बोलणारा. पहिल्यांदा चीड आली. आता पटतं. कायमच्या वास्तव्याच्या परवान्याला भाषेची A2 म्हणजे प्राथमिक पातळी लागते, नागरिकत्वाला 2018 पासून त्यावरची B1. पण नुसती अट घालून ते थांबत नाहीत, प्रौढांसाठीच्या सरकारी शाळांत परदेशी लोकांना भाषा शिकवतात.

आणि मराठी माणसाला ही भाषा जवळची आहे, हे मला ठासून सांगायचंय. वर्गातली इंग्रज मुलं ज्या गोष्टीवर डोकं आपटतात ती आपल्या अंगात मुरलेली आहे. बाई म्हणते ‘सोनो आंदाता’, पुरुष म्हणतो ‘सोनो आंदातो’, आपलं गेले-गेलो. पोळी खाल्ली आणि आंबा खाल्ला, यात कर्माप्रमाणे क्रियापद बदलतं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इटालियनमध्ये सफरचंद स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला मेला, लो मांजाता’, म्हणजे सफरचंद, ते मी खाल्लं. पाव पुल्लिंगी, म्हणून ‘इल पाने, लो मांजातो’. पित्सामधला उच्चार म्हणजे आपल्या चमच्यातला च, तोही दुहेरी. त, द तर आपलेच. बाईंनी माझ्या उच्चारांचं कौतुक केलं तेव्हा मी सांगून टाकलं, सिन्योरा, हे माझ्या मातृभाषेचं देणं आहे.

म्हणूनच पुण्याची आठवण जास्त टोचली. कुणी अमराठी माणूस ‘मला... एक किलो...’ म्हणेपर्यंत आपण हिंदीत वळलेले असतो. हे आपण आपुलकीने करतो, समोरच्याची अडचण होऊ नये म्हणून करतो, यात मला शंका नाही. आपल्याला तीन-तीन भाषा येतात ही मिरवण्यासारखीच गोष्ट आहे. पण 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाल्यावर पेढे वाटणाऱ्या आपण, शिकू पाहणाऱ्या माणसाला एक वाक्य पुरं करू द्यायला काय हरकत आहे? मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने अमराठी लोकांसाठी पद्धतशीर धडे तयार केलेत. पण ते शिकून माणूस जिथे बोलायला जाणार, तो भाजीवाला, रिक्षावाला, शेजारी तर आपणच आहोत.

घरचे म्हणतात, जर्मन शिकली असतीस तर नोकरी तरी मिळाली असती. मिळालीही असती. पण पैशांचा हिशेब करून मी इथे आले नाही, आणि त्याचं स्पष्टीकरण द्यावं असं आता वाटतही नाही.

तुम्ही इटलीला येणार असाल तर सहलीतले दोन दिवस काढून पेरूजाला या. फ्लोरेन्सहून प्रादेशिक गाडीने साधारण दोन तास. छापील तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. मशीन सापडलं नाही तर ‘दोवे सी तिंब्रा?’ (शिक्का कुठे मारायचा?) असं विचारा आणि समोरचा इटालियनमध्ये जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.