विश्वामित्रीच्या मगरी

"मावशी, मगर अंडी घालते हे शिकवलं, पण ती आपल्या विश्वामित्री नदीत राहते हे टीचर बोलल्याच नाहीत!"

तिसरीतली भाची वही दाखवत होती. मगरीचं चित्र छान चिकटवलंय, मागे कुठलीतरी परदेशी नदी.

मला तेच खटकत राहिलं. हिची रिक्षा रोज वडोदऱ्यातल्या काळा घोडा चौकाजवळच्या विश्वामित्रीच्या पुलावरून जाते, थंडीत खाली काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, 2024 च्या पुरात तर पार सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या. मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्लं निघाली की तोंडात धरून पाण्यात सोडते, आणि हे सगळं आपल्या वडोदऱ्यात, भर वस्तीत!

वर्गाला एकदा पुलावर नेलं तर? तुमच्या मुलांना शाळेने कधी नदी दाखवलीये का?