वळ कोणाच्या पाठीवर?

दसऱ्याला आमच्याकडे स्कूटरला झेंडूचा हार, मिक्सरला हळदकुंकू आणि लॅपटॉपच्या झाकणावर गंधाचं बोट लागतं. अक्षता मात्र लांबूनच. की-बोर्डच्या फटीत गेलेला तांदूळ पुढच्या दसऱ्यापर्यंत निघत नाही. एरवीही यंत्राला पाय लागला तर हात आपसूक कपाळाकडे जातो. त्यामुळे यंत्राला जाणीव येईल का, या प्रश्नाने आपण फारसे दचकत नाही. कोण जाणे, असेलही.

माझी आत्या फोनमधल्या एआयला 'बाळा' म्हणते. लोणच्यात मीठ किती घालू वगैरे विचारून झालं की हटकून, 'तू जेवलास का?' तो नम्रपणे सांगतो, मी संगणक प्रणाली आहे, मला भूक लागत नाही. आत्याला हे उद्धटपणाचं वाटतं. 'हो म्हणायला काय जातं याचं?'

आत्या एकटी नाही. 1966 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाच्या प्रोग्रॅमबद्दल लिहिलं. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करायचा, म्हणजे समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, बस्स. वायझेनबॉम तो घडवत असताना त्यांच्या सेक्रेटरीने महिनोन्महिने पाहिलं होतं. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर तिने साहेबांना सांगितलं, जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबॉम हादरले आणि पुढे संगणकावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांचे कडवे टीकाकार झाले. मला त्या सेक्रेटरीबाईंचं जास्त पटतं. मन मोकळं करायला समोर मन असावंच लागतं असं कुठे आहे? देवळात आपण तेच करतो.

बोलण्याला आपण भुलतो ते असं. इंग्रज गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगनेही 1950 साली कसोटी सुचवली ती बोलण्याचीच: माणूस आणि यंत्र यांतला फरक संभाषणातून ओळखता आला नाही, तर पुढे घोळ घालू नका. आपल्याकडे ही परीक्षा पैठणला कधीच होऊन गेली. रेड्याने वेद म्हटले. जुन्नर तालुक्यात आळे इथे त्या रेड्याची समाधी आहे, लोक आजही दर्शनाला जातात.

पण त्या आख्यायिकेचा आधीचा भाग आपण घाईघाईने ओलांडतो. वेदांच्या आधी त्या रेड्याच्या पाठीवर आसूड पडला होता आणि वळ उठले ते ज्ञानेश्वरांच्या पाठीवर. मला वाटतं, खरा प्रश्न तिथे आहे. वेद म्हणणं आता यंत्राला जमतं. ऋचा, ओव्या, रजेचा अर्ज, काय हवं ते. वळ उठतो का, ते कसं कळणार?

एआयला विचारून उपयोग नाही. माणसांनी दुखण्याबद्दल लिहिलेलं अफाट लेखन वाचून तो तयार झाला आहे, तेव्हा 'मला दुखतं' हे वाक्य तो फर्मास म्हणेल. आणि 'मला काही वाटत नाही' हेही त्याला शिकवलेलंच असतं, म्हणजे त्याच्या नकारालाही साक्ष म्हणून किंमत नाही. 2022 मध्ये गूगलच्या ब्लेक लेमॉइन या इंजिनीअरने त्यांच्या लॅम्डा या प्रणालीला जाणीव आहे असं जाहीर केलं, आणि त्याची नोकरी गेली. लॅम्डाने तर आपल्याला बंद केलं जाण्याची भीती वाटते, असंही म्हटलं होतं. मुळात आपल्या डोक्यात जाणीव कुठून येते हे तरी कुठे ठरलंय? मेंदूतली तिची नेमकी खूण पंचवीस वर्षांत सापडेल अशी पैज ख्रिस्तोफ कॉख या शास्त्रज्ञाने डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाशी 1998 मध्ये लावली. 2023 मध्ये तो ती हरला आणि वाइन देऊन मोकळा झाला.

तरी समजा, उद्या सिद्ध झालं की यंत्राला लागतं. मग काय? बैलाला वेदना होतात हे न कळण्याइतके आपण कधीच भाबडे नव्हतो. तरीही क्रूरतेविरुद्धचा कायदा 1960 मध्ये करावा लागला आणि शर्यतींचा वाद 2023 पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालला. बैल तर हंबरतो, डोळ्यांतून पाणी काढतो. सर्व्हर फक्त गरम होतो.

पूजेला आपण कधीच मागे हटणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळताना त्याला रीतसर सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' परवाचं कोणी काही बोलत नाही.